एकाहत्तर ठोक्यांचा आइनस्टाइन

सगळं सुरळीत पार पडलं असतं, तर क्लाइव्ह पिल्चर यांच्या पदरात तीन गोष्टी पडायच्या होत्या. पहिली, 'नांगर' नावाच्या पबातली शेकोटीजवळची खुर्ची, जिच्यावर गावात जन्मलेल्या माणसाखेरीज कुणी टेकत नसे. दुसरी, आपल्या नावामागे लागलेलं 'ते नवीन आलेले' हे शेपूट गळून पडणं. पिल्चर नवराबायकोला ब्रॅम्बलकोटमध्ये राहायला येऊन अकरा वर्षं झाली होती. पण इंग्लंडातल्या खेड्यात अकरा वर्षं म्हणजे अजून सामानाची खोकी पुरती सुटली नाहीत, असाच हिशेब असतो. आणि तिसरी, 'आइनस्टाइन' ही पदवी. विनाउपहास.

'विनाउपहास' हा शब्द जपून वाचावा. कारण इंग्रज लोकांनी त्या थोर माणसाच्या आडनावाचं जे केलंय, ते आपण बृहस्पतीचं केलं त्याहून बेताल आहे. घरात पोर हुशार निघालं की आजी म्हणणार, "आमचा आइनस्टाइन हो!" तेच पोर पाणी न घालता किटली तापत ठेवून बसलं की बाप म्हणणार, "शाब्बास, आइनस्टाइन!" शेजाऱ्याची बायको पळून गेली, तर "ते कळायला काय आइनस्टाइन लागतो?" ज्या माणसाने अख्ख्या विश्वाच्या काळवेळेचा हिशेब मांडला, त्याचं आडनाव या लोकांनी उलथन्यासारखं चुलीशेजारी टांगलंय. हाताला आलं की घ्यायचं, परतायचं, पुन्हा टांगायचं. स्तुती की टोमणा हे फक्त सुरावरून ओळखायचं. आणि क्लाइव्हना सूर कळत नसे. त्यांची अडतीस वर्षं जिल्ह्याच्या गटार खात्यात गेली होती. गटारं टोमणे मारत नाहीत. तुंबायचं असेल तर सरळ तुंबतात.

पदवीदानाचा प्रसंग घडला तो सप्टेंबरात, सुगीच्या गावजेवणाला. सभागृहातला चहाचा मोठा बंब काही केल्या तापेना. तिघांनी त्याला थापट्या मारल्या, एकाने बोलणी खायला घातली. शेवटी क्लाइव्ह गुडघ्यांवर टेबलाखाली शिरले आणि त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. दिवा लागला. 'नांगर'ची मालकीण मॅव्हिस सगळ्यांदेखत ओरडली, "अगंबाई! आपल्यात आइनस्टाइन राहतोय, आणि आपल्याला पत्ताच नाही!"

टाळ्या पडल्या. क्लाइव्ह घरी आले ते जमिनीपासून चार बोटं वरून.

"अरे, बटण दाबलंस म्हणून म्हणाली ती," बायको ग्लेनिस म्हणाली.

"टाळ्या वाजल्या, ग्लेनिस."

"चहासाठी वाजल्या."

पण ज्याला मुकुट घातलाय त्याला ती नुसती टोपी आहे हे कुणी पटवावं? दुसऱ्या दिवसापासून क्लाइव्ह दुकानात शिरताना किंचित थांबू लागले. कुणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून.

आता घड्याळाकडे येऊ.

ब्रॅम्बलकोटच्या चर्चच्या मनोऱ्यातलं घड्याळ सिरिल बॉडन सांभाळत असे. वय त्र्याऐंशी. एक्केचाळीस वर्षं, दर बुधवारी, चौसष्ट पायऱ्या चढून तो चावी देई आणि उतरून खालच्या बाकावर पाइप ओढत बसे. ऑक्टोबरात त्याच्या कमरेचा सांधा बदलला. डॉक्टरांनी सांगितलं, वसंत येईतो जिना चढायचा नाही. आठव्या दिवशी घड्याळाची चावी संपली आणि ते चार वाजून वीस मिनिटांवर उभं राहिलं.

एरवी कुणी फिकीर केली नसती. मोबाईल सगळ्यांच्याच खिशात होते. पण नोव्हेंबरचा स्मृती-रविवार दोन आठवड्यांवर आला होता. त्या दिवशी युद्धात पडलेल्यांच्या दगडी स्तंभापाशी गाव जमतं. बरोबर अकराला मनोऱ्यातून अकरा ठोके पडतात, आणि शेवटचा ठोका हवेत विरला की दोन मिनिटं माणूस हलत नाही. स्तंभ उभा राहिल्यापासून हे ठोके एकदाही चुकले नव्हते. दगडावर अठरा नावं आहेत. शेवटचं हर्बर्ट टॅल्बटचं. त्याची धाकटी बहीण मिस टॅल्बट चौऱ्याण्णव वर्षांची होऊन अजून पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसते.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सोहळ्याचे प्रमुख मेजर स्पॉफर्ड म्हणाले, मोबाईलवरून ठोके ऐकवू, कर्णा लावू. मॅव्हिस म्हणाली, माझ्याकडे पितळी घंटा आहे, पब बंद करताना वाजवते ती. मिस टॅल्बट म्हणाली, "दारू संपल्याची घंटा हर्बर्टसाठी? तो उठून यायचा. मला घड्याळच हवं."

मग सगळे पाद्रीणबाईंकडे गेले. रेव्हरंड फिलिपा यांच्याकडे सहा गावांची सहा चर्चं होती. त्या प्रार्थना चर्चमध्ये करीत आणि जेवण गाडीत. त्यांनी कळवळून सगळं ऐकलं आणि एक अर्ज काढला. त्या देशात चर्चच्या नळाचा वायसर बदलायचा तरी धर्मप्रांताची, म्हणजे बिशपच्या कचेरीची, लेखी परवानगी लागते. हे तर तीनशे वर्षांचं घड्याळ. धर्मप्रांताचे घड्याळ-सल्लागार येऊन पाहणार. त्याआधी विमा कंपनी जिना पाहणार. साठीच्या पुढच्या माणसाने एकट्याने वर जायचं नाही, असं विमा कंपनी आधीच सांगून मोकळी झाली होती; सिरिलकडे आजवर सगळ्यांनी काणाडोळा केला होता. आणि गावात साठीच्या आतले लोक होते चार, चौघेही दिवसभर शहरात. शिवाय मनोऱ्यात वटवाघळं. वटवाघळांना तिथे कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे त्यांची झोप मोडत नाही असा जाणकाराचा दाखलाही हवा.

"सल्लागार जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येतील," फिलिपाबाई म्हणाल्या. "वटवाघळांची हरकत नसेल तर."

"म्हणजे अठरा हुतात्म्यांपेक्षा वटवाघळं मोठी?" मेजरसाहेब लाल झाले.

"मेजरसाहेब, मी फक्त फॉर्म वाचून दाखवतेय," असं म्हणून बाईंनी जिन्याच्या दारावर 'कुणीही वर जाऊ नये' अशी पाटी लावली आणि त्या पुढच्या गावी निघून गेल्या.

त्या संध्याकाळी पबात हाच विषय होता. कुणीतरी म्हणालं, ते घड्याळ सिरिलशिवाय कुणाला कळायचं नाही, आइनस्टाइन लागेल त्याला. मॅव्हिस ग्लास पुसता पुसता म्हणाली, "मग विचारा की आपल्या आइनस्टाइनला! बटण कुठाय ते शोधून देईल!" पब खदाखदा हसला. क्लाइव्हही हसले, दोन सेकंद उशिरा. आणि अर्धा ग्लास तसाच ठेवून घरी गेले. पुरुषाने ग्लास अर्धा ठेवला की त्या गावात समजावं, काहीतरी भयंकर ठरलंय.

सोहळ्याच्या आदल्या शनिवारी दुपारी ते ग्लेनिसला म्हणाले, "चर्चच्या पन्हळी बघून येतो. पानं अडकलीत."

"पन्हळी बघायला इस्त्रीचा शर्ट?"

तोवर ते दाराबाहेर होते. किल्ली प्रार्थनेच्या पुस्तकांमागे खिळ्याला असते, हे गावात कुत्र्यांनाही ठाऊक होतं. पाटी त्यांनी वाचली. 'कुणीही' यात आपण मोडतो का, असा एक तात्त्विक प्रश्न त्यांच्या मनात आला आणि चौथ्या पायरीवर मागे राहिला.

वर माणसाएवढ्या लोखंडी चौकटीत चाकंच चाकं होती. क्लाइव्हनी घरी इंटरनेटवर चित्रफीत पाहिली होती. ती कुणा अमेरिकन माणसाच्या, भलत्याच घड्याळाची होती; पण दोन्हींत चाकं होती, एवढ्या पुराव्यावर त्यांनी काम सुरू केलं. चावी म्हणजे विहिरीच्या रहाटासारखी मूठ. ती फिरवून वजन वर चढवायचं, ते हळूहळू खाली उतरत चाकं फिरवतं. वजनं दोन होती; घड्याळ चालवणारं त्यांनी पुरतं चढवलं. ठोक्यांचं वजन मात्र दुप्पट जड. थोडं चढवेपर्यंत तळहातांना दोन फोड आले, तेव्हा 'उद्यापुरतं पुष्कळ झालं' असं म्हणून त्यांनी मूठ सोडली. ही चालढकल लक्षात ठेवावी. त्या दिवशी त्यांनी केलेली गावाच्या हिताची एकमेव गोष्ट ती.

काटे तीनवर आणले, लंबक हलवला, घड्याळ चालू झालं. आणि तीनला त्याने सात ठोके दिले.

जुन्या घड्याळाचं असंच असतं. काटे एक हिशेब ठेवतात, ठोके दुसरा. मध्ये कुणी काटे सरकवले की दोघांचं बोलणं बंद होतं. ठोके थांबवणारी एक लोखंडी पट्टी असते. ती उचलली की घड्याळ पुढच्या तासाचे ठोके देतं, पुन्हा उचलली की त्याच्या पुढच्या. असं करत करत योग्य आकड्यावर आणायचं. पट्टी अवघड जागी होती, हात पोचेना. क्लाइव्हनी खिशातून बागेतली हिरवी सुतळी काढली, पट्टीला गटार खात्याची दुहेरी गाठ मारली आणि लांबून ओढायला लागले. आठ. नऊ. दहा. अकरा. बारा. एक. दोन. तीन!

खाली गाव रस्त्यावर आलं होतं. कुणाला क्षणभरही शंका आली नाही.

"सिरिल चढला!" मॅव्हिस ओरडली. "ती नवी कंबर घेऊन चढला म्हातारा!"

चारला चार ठोके बिनचूक पडले, तेव्हा क्लाइव्हच्या डोळ्यांत पाणी आलं. सुतळी सोडावी असं वाटलं. पण उद्या ऐनवेळी गरज पडली तर? म्हणून गाठ तशीच ठेवून ते उतरले. सुतळीचं मोकळं टोक एका फिरत्या दांड्यावर जाऊन पडलं होतं, ते त्यांनी पाहिलं नाही.

पबात सिरिल कोपऱ्यात बसला होता, चालायची चौकट शेजारी ठेवून. जो तो त्याच्या पाठीवर थाप मारून जात होता. "कबूल कर ना म्हाताऱ्या, चढलास ना?" सिरिलने पाइप तोंडातून काढला, पबातल्या एकेका माणसाच्या हातावरून नजर फिरवली, आणि क्लाइव्हच्या तळहातावरच्या दोन चिकटपट्ट्यांवर ती जरा थांबली.

"ज्याला चढायचं तो चढला," एवढंच तो म्हणाला.

क्लाइव्ह गप्प राहिले, ते विनयाने नव्हे. त्यांचा बेत ठरला होता. उद्या अकरा ठोके पडतील, मिस टॅल्बट डोळे पुसेल, मग सभागृहात चहा होईल. आणि कुणीतरी सिरिलचं अभिनंदन करायला उठेल तेव्हा आपण कप खाली ठेवून म्हणायचं, 'खरं सांगायचं तर...' हे 'खरं सांगायचं तर' त्यांनी न्हाणीघराच्या आरशासमोर सात वेळा म्हणून पाहिलं. सातव्या वेळी बाहेरून ग्लेनिस म्हणाली, "मग सांगून टाक एकदाचं!"

रविवारी सूर्य होता, वारा नव्हता. गाव स्तंभाभोवती उभं राहिलं. माजी सैनिकांचा ध्वज घेऊन बेकरीवाला हॉब्ज उभा. बिगुल वाजवून झालं. मेजरसाहेबांनी हात वर केला आणि मनोऱ्यातून पहिला ठोका पडला.

नऊ... दहा... अकरा.

मेजरसाहेबांचा हात खाली आला. हॉब्जने शिरस्त्याप्रमाणे ध्वज जमिनीला टेकेल असा वाकवला. माना झुकल्या. त्या पवित्र शांततेत बारावा ठोका पडला.

सुतळी रात्रभर तासातासाला गुंडाळली जात होती, ती नेमकी अकराच्या ठोक्यांना ताणली गेली आणि तिने पट्टी अधांतरी उचलून धरली. आता घड्याळाला थांबवणारं कुणी नव्हतं.

तेरा. चौदा.

दुसऱ्या कुठल्याही देशात एव्हाना कुणीतरी 'अरे, थांबवा रे ते!' असं ओरडलं असतं. पण हे इंग्रज होते. शांतता सुरू झालीय की नाही, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आणि झाली असेल तर ती मोडणारा पहिला माणूस व्हायला कुणी तयार नव्हतं. दोनशे माणसं मान खाली घालून, दगडासारखी उभी. वीस. एकवीस. मेजरसाहेबांनी मान न हलवता नुसती बुबुळं मनोऱ्याकडे नेली आणि परत आणली. एकतीस. हॉब्जच्या हातातला वाकवलेला ध्वज थरथरायला लागला. बिगुलवाल्या मुलीने बिगुल ओठांना लावला, काढला, पुन्हा लावला. पन्नासाच्या सुमारास एक कुत्रं भुंकलं, तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की खरा गुन्हेगार तेच.

क्लाइव्हच्या कानशिलांत प्रत्येक ठोका वेगळा पडत होता. पळत जाऊन सुतळी तोडावी, तर दोनशे जणांदेखत हलावं लागणार. न हलावं, तर हे. ते हलले नाहीत. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला.

एकाहत्तराव्या ठोक्याला वजन जमिनीला टेकलं आणि घड्याळ गप्प झालं. फोड आले नसते तर ते संध्याकाळपर्यंत वाजलं असतं.

आणि मग मेजरसाहेबांनी, शिस्त म्हणजे शिस्त, पुन्हा हात वर नेऊन खाली आणला आणि दोन मिनिटं पहिल्यापासून सुरू केली.

सगळं उरकल्यावर फिलिपाबाई म्हणाल्या, "कुणीतरी वर जाऊन बघायला हवं." मॅव्हिस म्हणाली, "पिल्चरसाहेब, तुम्ही चला. तुम्ही आमचे आइनस्टाइन ना!" या वेळी तिच्या सुरात थट्टा नव्हती, ती रडकुंडीला आली होती. अशा रीतीने क्लाइव्ह स्वतःच्या गुन्ह्याच्या तपासाला, तपासनीस म्हणून, मेजरसाहेबांच्या मागोमाग चौसष्ट पायऱ्या चढले.

मेजरसाहेब सुतळी घेऊन खाली आले. सिरिल बाकावर बसला होता. दोनशे माणसांच्या देखत ती हिरवी सुतळी त्याच्यासमोर धरली गेली.

"सिरिल," मेजरसाहेब हळू आवाजात म्हणाले, "हे काय?"

सिरिलने सुतळी हातात घेतली, गाठ उलटी-सुलटी करून पाहिली. असली गाठ त्याने जन्मात मारली नव्हती. मग त्याने मान वर करून क्लाइव्हकडे पाहिलं. रागाने नाही; किती वाजले बघावं तसं.

क्लाइव्हनी तोंड उघडलं. आता 'खरं सांगायचं तर' यायला हवं होतं. आलं ते असं: "हवा मात्र कोरडी आहे आज."

"माझीच," सिरिल म्हणाला. "सोडायची विसरलो."

दोनशे माणसांनी सुस्कारा सोडला. "वय झालं हो बिचाऱ्याचं," कुणीतरी म्हणालं. मिस टॅल्बट खुर्चीतून म्हणाली, "एकाहत्तर. मी मोजले." तिने रागवावं म्हणून क्लाइव्ह वाट पाहत राहिले.

मंगळवारी चर्च समितीची सभा झाली. सिरिलच्या एक्केचाळीस वर्षांच्या सेवेबद्दल आभाराचा ठराव झाला. याचा अर्थ किल्ली काढून घेतली. निरोपाची भेट म्हणून त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं, सेलवर चालणारं. मग अध्यक्षांनी विचारलं, पुढे कोण बघणार? क्लाइव्हनी सगळं कबूल करण्यासाठी हात वर केला.

"वा! पिल्चरसाहेब स्वतः पुढे आले!" अध्यक्ष म्हणाले. "सर्वानुमते मंजूर."

"नाही, मला असं म्हणायचं होतं की..."

"विमा आणि वटवाघळांचं आम्ही बघतो. तुम्ही फक्त घड्याळ बघा."

टाळ्या पडल्या. या वेळी चहासाठी नव्हत्या.

बुधवारी सकाळी क्लाइव्ह सिरिलच्या दारात उभे राहिले. सिरिलने चहा ओतला, बिस्किटांचा डबा पुढे केला. नवं घड्याळ अजून खोक्यातच होतं.

"सिरिल, तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"अरे बाबा, एक्केचाळीस वर्षं मी या गावाला वेळ सांगितली. माझी एक चूक गाव गिळेल आणि वर पाणी पिईल. तुझी गिळली असती? तुझ्या नातवाच्या लग्नात म्हणाले असते, 'हे त्या नवीन आलेल्यांचे, एकाहत्तरवाले.'"

"मी आज जाऊन सांगतो सगळ्यांना."

"सांग की. मग तू चोर, मी खोटारडा, आणि घड्याळाला चावी कोण देणार? आज बुधवार आहे." त्याने बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं, त्याकडे तो बघत राहिला. "वसंतात चढणार होतो मी. डॉक्टर हो म्हणाला होता."

क्लाइव्ह उठले आणि चावी द्यायला निघाले.

आता कुणाकुणाच्या पदरात काय पडलं ते बघू. फिलिपाबाईंना पुढच्या गावची प्रार्थना नऊ मिनिटं उशिरा. हॉब्जला महिनाभर दुखरं मनगट. मिस टॅल्बटला अकराऐवजी एकाहत्तर ठोके; चुकलेले अकरा पुन्हा यायला वर्ष लागणार होतं. क्लाइव्हना दोन फोड, ते आठवड्यात बरे झाले. आणि ठरल्याप्रमाणे तिन्ही गोष्टी मिळाल्या. शेकोटीजवळची खुर्ची मिळाली, तिच्यावर ते पाठ टेकत नाहीत. 'नवीन आलेले' कुणी म्हणत नाही. आणि आइनस्टाइन तर दुकानातली पोरंही म्हणतात, अगदी आदराने. ते ऐकलं की क्लाइव्ह हल्ली रस्ता ओलांडतात.

एकच माणूस ते आडनाव बरोबर सुरात वापरतो. दर बुधवारी क्लाइव्ह चावी देऊन होतात, तेव्हा खालच्या बाकावरून, पाइपच्या धुरातून, हाक वर येते:

"काय आइनस्टाइन, सुतळी राहिली नाही ना?"

चौसष्ट पायऱ्या चढून ती हाक येते. वसंत आला तरी सिरिलला मात्र त्या पायऱ्या आता उरल्या नाहीत.